बाईंच्या डब्यातल्या २३ फ्लॉप्या

या स्मरणिकेच्या शेवटी 'आमच्या भोवतालची गावे' हा विभाग आहे. तो कोणी आत्ता लिहिलेला नाही. १९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, आपण नववीत असताना, मराठीच्या बाईंनी दिलेला तो गृहपाठ आहे. प्रत्येकाने जवळच्या मूळ गावातल्या एका वयस्क माणसाला भेटायचे, शहर यायच्या आधी इथे काय होते ते विचारायचे आणि तो जसे सांगेल तसे लिहून आणायचे. ३१ जणांनी लिहून आणले. शाळेच्या संगणकावर आणि वाशीतल्या एका डीटीपीच्या दुकानात ते टाइप झाले, फ्लॉप्यांवर साठवले गेले आणि मग छापायचे राहून गेले. वह्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. पुढच्या दोन-तीन घरबदलांत त्या रद्दीत गेल्या असणार, कारण आजवर एकही सापडलेली नाही. उरल्या त्या फ्लॉप्या. बाईंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या तीस वर्षे ठेवल्या होत्या.

हा मजकूर परत कसा मिळाला, किती मिळाला आणि किती मिळाला नाही, हे लिहून द्यायचे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपवले. पुढची पाने वाचताना मधे मधे चौकटी कंसातल्या रिकाम्या जागा दिसतील. त्या छपाईच्या चुका नाहीत. त्या का आहेत, हे कळावे म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुढच्या पिढीतलेही कोणी हे वाचतील. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी ठरवण्यात आली. भातशेती, खाजणे, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणारी ही आगरी-कोळी गावे. १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात, आपण सहावीतून सातवीत गेलो तेव्हा, खाडी ओलांडून वाशीपर्यंत लोकल आली. वर्गातले निम्मे जण सिडकोच्या इमारतींत राहणारे, घाटावरून, कोकणातून, मुंबईच्या चाळींतून आलेल्यांची मुले. बाकीचे निम्मे दिवाळे, शहाबाज, करावे, दारावे इथून चालत किंवा सायकलवर यायचे. एका बाकावर बसूनही एकमेकांची घरे आपल्याला फारशी माहीत नव्हती. बाईंचा गृहपाठ त्यासाठी होता, हे मला आता समजते. तेव्हा सुट्टी बुडाली म्हणून आपण कुरकुर केली होती.

आता फ्लॉपीकडे वळू. आपल्यातल्या बहुतेकांना ती आठवते, पण आत काय असते ते क्वचितच कोणी पाहिले असेल. आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली. ती खरोखरच लवचीक, म्हणून नाव फ्लॉपी. नंतर सोनीची साडेतीन इंची, कडक प्लॅस्टिकच्या कवचातली आणि वर सरकणारे पत्र्याचे झाकण असलेली. आपण शाळेच्या खिशात घालून फिरायचो ती हीच. कवचाच्या आत पातळ प्लॅस्टिकची चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय थर. एका बाजूला ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे म्हणजे सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. दोन्ही बाजूंचा गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. आजच्या फोनने काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. पण साधा मराठी मजकूर असेल, तर एका फ्लॉपीत आख्खी कादंबरी बसते.

बाईंच्या डब्यात अशा १९ लहान फ्लॉप्या होत्या आणि चार सव्वापाच इंची. गृहपाठाच्या त्यांतल्या सात. बाकीच्यांत स्नेहसंमेलनाच्या नाटकांच्या संहिता, प्रश्नपत्रिका, गेम आणि निकाल. (निकालाच्या फाइल वाचता येतात एवढे तपासले आणि न उघडता बंद केल्या. काळजी नसावी.)

चुंबकीय थर तीस वर्षे टिकतो का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. टिकतो, त्याची नीट निगा राखली तर. आपल्याकडे फ्लॉपीचा खरा शत्रू आहे दमट हवा. खाडीच्या काठावर चार महिने पाऊस, चपलांनाही बुरशी येते तिथे चकतीची काय कथा. शिवाय २६ जुलै २००५ च्या पावसात बाईंच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले होते आणि डब्याचा तळ भिजला होता. झाकण सरकवून उजेडात पाहिले, तर आठ फ्लॉप्यांवर पांढुरके ठिपके दिसले. ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर वाचणाऱ्या हेडखाली बुरशी घासली जाते, चकतीवर चरा उमटतो आणि हेडला चिकटलेली घाण पुढच्या फ्लॉपीलाही खराब करते. म्हणून पहिले दोन रविवार निव्वळ साफसफाईत गेले. कवच अलगद उघडायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने चकती पुसायची, वाळवायची, स्वच्छ कवचात बसवायची. आणि सगळ्यात आधी, कोपऱ्यातली लहान खिटी सरकवून फ्लॉपीवर काही लिहिले जाणार नाही अशी करायची. नव्या संगणकाला जुन्या फ्लॉपीवर स्वतःच्या खुणा लिहायची फार हौस असते.

चांगल्या फ्लॉप्यांचे काम सोपे होते. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. तो लॅपटॉपला लावला आणि एकेक फाइल न काढता आख्ख्या फ्लॉपीची सेक्टरवार नक्कल घेतली. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी सहज वाचता येणारे सेक्टर उचलतो, अडणारे बाजूला ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. पेपर सोडवताना बाई सांगायच्या तसेच. येणारी आधी, अडलेली शेवटी. एकदा नक्कल झाली की फ्लॉपी डब्यात आणि पुढचे सारे प्रयोग नकलेवर.

यूएसबीचा ड्राइव्ह सरधोपट असतो. तो स्वतःच शून्य की एक ते ठरवतो आणि ठरवता आले नाही की फक्त चूक झाली एवढेच कळवतो. शाळेतल्या काळ्या पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' असा प्रश्न यायचा, त्याच जातीचे उत्तर. शिवाय सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात जातच नाही. त्यासाठी दुसरा मार्ग धरला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून दोन जुने ड्राइव्ह आणले आणि त्यांना 'ग्रीझवीझल' नावाची छोटी पाटी जोडली. कीर फ्रेझर या प्रोग्रामरने ती तयार केली आणि तिचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. ही पाटी शून्य-एक ठरवण्याच्या भानगडीत पडत नाही. चकती फिरताना चुंबकत्वाची दिशा कधी कधी उलटली, त्यांमधल्या वेळा तेवढ्या नोंदवते. चकती सेकंदाला पाच फेऱ्या मारते. एकाच वर्तुळाच्या वीस-पंचवीस फेऱ्या नोंदवायच्या, एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि अर्थ लावायचा तो नंतर, निवांत.

इथे एक गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी पडताळणीचे दोन बाइट लिहिलेले असतात. आतल्या ५१२ बाइटचे गणित करून ते काढलेले असतात. वाचलेला मजकूर आणि हे दोन बाइट जुळले, तर १९९४-९५ मध्ये जे लिहिले गेले तेच आपण वाचत आहोत, याची जवळजवळ पक्की खात्री. नाही जुळले, तर तो सेक्टर संशयित. हाताने उतरवलेल्या पोथीत नकलकाराची चूक कोणती आणि मूळ कोणते, यावर विद्वान वर्षानुवर्षे वाद घालतात. फ्लॉपीत निदान एवढा निवाडा होतो. म्हणून आम्ही नियम केला की पडताळणी न जुळलेला सेक्टर छापायचा नाही. तिथे चौकटी कंस.

२३ पैकी १५ फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या, ५ अर्ध्यामुर्ध्या आणि ३ मधून काहीच मिळाले नाही. त्या तिन्ही डब्याच्या तळाच्या.

अर्ध्यामुर्ध्यांपैकी दोघींची अडचण वेगळी होती. फ्लॉपीची अनुक्रमणिका, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यादी, सगळी सर्वांत बाहेरच्या वर्तुळावर असते. तिच्या मुख्य तक्त्याची दुसरी प्रत ठेवलेली असते, पण तीही त्याच वर्तुळावर. बुरशी कडेकडून आत येते. त्यामुळे आतला मजकूर धडधाकट, पण नावे-गावे पुसलेली. सेक्टर एकेक करून वाचायचे, कुठे वाक्य तुटते आणि कुठे जुळते ते पाहायचे आणि ओवत जायचे. अशा जुळवलेल्या निबंधांपैकी एक कोणाचा ते कळेना. वाक्यावाक्यात 'आणि' हा शब्द 'आणी' असा दीर्घ लिहिलेला होता. टाइप करताना मुलांनी जसे लिहिले तसेच ठेवा, शुद्धलेखन सुधारू नका, असे बाईंनी बजावले होते, म्हणून तो तसाच राहिला. मी ते पान आपल्या ग्रुपवर टाकले आणि पाच मिनिटांत चौघांनी एकच नाव सांगितले. तो आपल्यात नाही, हे आपण सगळे जाणतो. त्याने आपल्या आजोबांची गोष्ट लिहिली होती. छापण्याआधी ती त्याच्या आईला नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि 'आणी' सुधारू नका म्हणून सांगितले. विभागात ती १४ व्या क्रमांकावर आहे.

इथवरचे काम लोखंडाचे आणि चुंबकाचे होते. जगात असे काम पुष्कळ ठिकाणी झाले आहे. चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे पिट्सबर्गमधल्या त्याच्या संग्रहालयातल्या फ्लॉप्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबमधल्या मुलांनी ती बाहेर काढली आणि २०१४ मध्ये ती जगाला दिसली. त्यांनाही कळले की फ्लॉपी वाचणे हा अर्धाच रस्ता. चित्रे ज्या प्रोग्राममध्ये काढली होती त्याची मांडणी कोणालाच माहीत नव्हती, ती त्यांना उकलावी लागली. आपला उरलेला अर्धा रस्ता याहून वेगळा होता. तो मराठी अक्षरांचा होता आणि माझे सर्वाधिक दिवस त्यातच गेले.

संगणक अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. इंग्रजीपुरते आकडे अमेरिकेत १९६३ मध्येच ठरले होते. देवनागरीचे काय? आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम सुरू झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथल्या जिस्ट गटाने संगणकात बसवायचे एक कार्ड तयार केले. ते बसवले की डॉसवर मराठी लिहिता यायचे. आपल्या लॅबमधल्या सहा मशीनपैकी कोपऱ्यातल्या एकात ते होते आणि त्यावर बसायला रांग लागायची. या पद्धतीमागे 'इस्की' नावाचे प्रमाण होते. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मान्यता दिली. इस्कीत क म्हणजे १७९. देवनागरी असो, गुजराती असो की बंगाली, क म्हणजे १७९ च. आकडा उच्चाराला दिलेला, आकाराला नाही.

त्याच काळात डीटीपीची दुकाने निघाली. लग्नपत्रिका, हँडबिले, दिवाळी अंक, सगळे तिथे. त्यांना हवा होता पेजमेकर आणि सुंदर टाइप. विंडोजला तेव्हा देवनागरी येत नव्हती. विंडोज २००० मध्ये ती नीट आली. मग कंपन्यांनी युक्ती काढली. संगणकाला वाटू द्यायचे की इंग्रजीच चालले आहे आणि फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. अर्धा ख, काना, रफार, वेलांटी असे तुकडे. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांची वेगळी. श्रीलिपीत लिहिलेले आकृतीत उघडत नसे. मराठी छपाईला या फॉन्टनी सुबकपणा दिला, दिवाळी अंकांचे रूप पालटले, हे नाकारता येणार नाही. पण ते कागदावर उमटवण्यासाठी होते. तीस वर्षांनी कोणी फाइल उघडेल, हा विचार तेव्हा दुकानदाराने का करावा?

आपले १७ निबंध शाळेत इस्कीत टाइप झाले होते आणि १४ दुकानात. इस्कीचे १७ एका संध्याकाळी युनिकोडमध्ये आले. १७९ च्या जागी २३२५ घाला, १८० च्या जागी २३२६. जवळजवळ सरळ तक्ता, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे. लिहिलेला प्रोग्राम चाळीस ओळींचाही नव्हता. 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' मधल्या ऱ साठीसुद्धा इस्कीत वेगळी जागा होती.

दुकानातल्या १४ निबंधांना सात आठवडे लागले. फॉन्ट कोणता होता ते कोणालाच आठवेना. दुकान केव्हाच बंद झालेले. किल्ली सापडली ती बाईंच्या वहीत घडी घालून ठेवलेल्या प्रुफाच्या एका पानात. त्या पानाचा मजकूर फाइलमध्ये शोधला आणि छापलेले मराठी व फाइलमधली चिन्हे शेजारी शेजारी मांडून एकेक तुकडा ओळखत गेले. सर्वांत जास्त वेळा येणारे चिन्ह म्हणजे काना, हे पहिल्याच दिवशी कळले. मग मात्रा, अनुस्वार, अर्धी अक्षरे. पानावर न आलेले तुकडे संदर्भाने लावले.

त्यानंतर वेलांटीचा घोळ. 'निवटी' लिहिताना आपण न म्हणतो आणि मग त्याला ऱ्हस्व वेलांटी देतो. युनिकोडमध्ये आणि इस्कीत क्रम असाच आहे, आधी न, मग वेलांटी. पण कागदावर पहिली वेलांटी न च्या डावीकडे असते, म्हणून फॉन्टवाल्या फाइलमध्ये ती आधी टाइप केलेली. ती उचलून न च्या पलीकडे ठेवायची. 'स्थिती' असेल तर स् आणि थ दोन्ही ओलांडून. रफाराचे उलट. 'मार्ग' मध्ये तो ग च्या डोक्यावर, म्हणून ग नंतर टाइप केलेला, पण उच्चार ग च्या आधी. तो मागे न्यायचा. इंग्रजीत जुनी फाइल वाचणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही. आपल्याकडे फ्लॉपी शाबूत असूनही लेखन हरवू शकते आणि असे हरवलेले लेखन गावोगावच्या छापखान्यांच्या, साप्ताहिकांच्या, संस्थांच्या जुन्या डिस्कवर आजही पडून आहे.

सगळे जुळल्यावर मी मजकूर एका शुद्धलेखन तपासनीस प्रोग्राममधून काढून पाहिला. त्याने 'उघाडी' चे 'उघडी' केले. उघाडी म्हणजे खाजणाच्या बांधातले दार. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये आणि शेतातले पाणी ओहोटीला बाहेर जावे यासाठी ते असते. एका शेतकऱ्याच्या साऱ्या निबंधाचा जीव त्या शब्दात होता. 'कोलीम' आणि 'खुबे' यांखालीही लाल रेघा आल्या. तो प्रोग्राम तिथेच थांबवला. मग दिवाळ्याच्या आपल्या मैत्रिणीने एकेक निबंध आपल्या आईला मोठ्याने वाचून दाखवला. जिथे आई थबकली तिथे ती खूण करायची आणि मी मूळ आकड्यांकडे परत जायचे. सात ठिकाणी माझा तक्ता चुकलेला निघाला. बाकी सगळीकडे आजोबांचे बरोबर होते, आपल्यालाच तो शब्द ठाऊक नव्हता.

आता हिशोब. ३१ पैकी २६ निबंध पूर्ण मिळाले. तिघांमध्ये रिकाम्या जागा आहेत. दोन अजिबात मिळाले नाहीत.

रिकाम्या जागांतली सर्वांत मोठी २१ व्या निबंधात आहे. उलव्याच्या बाजूच्या एका गावातल्या आजींनी सांगितलेली ती हकिगत. त्यांचे गाव आता नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. आजींनी घराच्या ओट्यावरून काय काय दिसते ते क्रमाने सांगितले होते. आधी बांध, मग मिठागराचे कोंडे, मग खाडी आणि त्यापलीकडे... इथे एक सेक्टर गेला आहे. ५१२ बाइट, म्हणजे साधारण ८०-९० शब्द. पुढचा सेक्टर सुरू होतो तो लग्नाच्या वऱ्हाडाच्या होडीपासून. मधल्या शब्दांत काय होते याचा अंदाज कोणीही बांधेल. ज्याने तो निबंध लिहिला त्या आपल्या मित्राला मी विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की खाडीपलीकडे काय दिसायचे ते त्याला आज सांगता येईल, पण आजी काय म्हणाल्या ते आठवत नाही. म्हणून जागा रिकामी ठेवली. संपादक मंडळात यावर वाद झाला. पान विद्रूप दिसते, असे काहींचे म्हणणे होते. माझे मत असे पडले की आपण तिथे चांगली वाक्ये घातली, तर पन्नास वर्षांनी ती आजींचीच समजली जातील.

आणखी एक सांगायला हवे. हे लोक तेव्हा नववीतल्या मुलांशी बोलले होते, छापील पुस्तकाशी नाही. जमिनीच्या पैशांवरून भावाभावांत झालेले बोलणे, कोणी कोणाला काय म्हटले, हेही त्यांत आले आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई भागात झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, त्यात गेलेले पाच जण, याची डोळ्यांनी पाहिलेली हकिगत एका आजोबांनी सांगितली आहे. ती जशीच्या तशी छापली आहे, कारण ती सर्वांची आहे. घरातली भांडणे मात्र घरच्यांना विचारून ठेवली किंवा काढली. एकाच कुटुंबाने तीन ओळी वगळायला सांगितल्या आणि त्या वगळल्याचे तिथे नमूद केले आहे.

न मिळालेले दोन निबंध बाईंच्या यादीतले ९ आणि २२ क्रमांकाचे. एक करावे गावातल्या नावाड्याचा, दुसरा शहाबाजच्या एका सुईणीचा, एवढेच यादीत आहे. दोघेही लेखक मेळाव्याला येणार आहेत. त्यांना विनंती अशी की जे आठवते ते आज लिहा आणि वर आजची तारीख घाला. ते १९९४ चे होणार नाही, पण २०२६ चे म्हणून त्यालाही किंमत आहे. त्या तीन मुक्या फ्लॉप्या मी फेकलेल्या नाहीत. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवल्या आहेत. उद्या कोणाकडे अधिक चांगले साधन असेल.

सोनीने २०११ मध्ये जपानमध्ये फ्लॉपी विकणे थांबवले. तिथल्या सरकारी कामकाजाच्या नियमांतून फ्लॉपी २०२४ मध्ये हद्दपार झाली. चालू स्थितीतले ड्राइव्ह दरवर्षी कमी होत आहेत आणि ते दुरुस्त करणारेही. तेव्हा माळ्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वडिलांच्या ऑफिसच्या बॅगेत एखादी फ्लॉपी असेल तर ती याच वर्षी बाहेर काढा. बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालू नका. चिठ्ठीवर लिहिलेले नाव पुसू नका, बहुतेक वेळा तोच एक धागा असतो. मजकूर मराठी असेल आणि त्याच काळातला एखादा छापील कागद हाती लागला, लग्नपत्रिका का असेना, तर तोही सोबत आणा. फॉन्टची किल्ली त्यातच असू शकते.

मिळालेले २९ निबंध आता साध्या युनिकोड मजकुरात आहेत. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक बाईंकडे, एक माझ्याकडे आणि मूळ फ्लॉप्यांच्या सेक्टरवार नकलाही सोबत. या स्मरणिकेचा कागद ही चौथी प्रत. ती वाचायला कोणतेही यंत्र लागत नाही, म्हणून मला तीच सर्वांत भरवशाची वाटते.

मेळाव्याच्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात एका टेबलावर दोन्ही ड्राइव्ह मांडलेले असतील. मी दहा ते पाच तिथे बसणार आहे. येताना फ्लॉप्या घेऊन या.